नाशिकमध्ये बसून अमेरिकन शिपाई-आमदाराचं चरित्र कसं जुळवायचं

व्याख्यानासाठी किंवा दिवाळी अंकासाठी असं चरित्र घ्यायचं ठरलं की आधी वहीत चार रकाने आखा: तारीख, ठिकाण, पद, कागद. चौथा रकाना रिकामा राहिलेली नोंद लेखात घ्यायची नाही.

नमुन्याला डेव्ही क्रॉकेट घेऊ. जन्म १७ ऑगस्ट १७८६, टेनेसी. सप्टेंबर १८१३ मध्ये तो ९० दिवसांसाठी स्वयंसेवक घोडेस्वार म्हणून क्रीक या तिथल्या मूळ रहिवाशांविरुद्धच्या युद्धात गेला. त्याच युद्धातली टल्लूशाचीची लढाई ३ नोव्हेंबरची. अमेरिकन सूचीत हीच तारीख ११/३/१८१३ अशी दिसते आणि आपण सवयीने ११ मार्च लिहून बसतो. म्हणून वहीत महिना नेहमी अक्षरात लिहा.

सगळ्यात जास्त घोळ हुद्द्याचा होतो. क्रॉकेटचं ‘कर्नल’पद युद्धातलं नाही. १८१८ मध्ये लॉरेन्स काउंटीच्या मिलिशियाने, म्हणजे स्थानिक नागरी फौजेने, त्याला मतांनी निवडलं, तेव्हाचं ते आहे. ‘कर्नल क्रॉकेट टल्लूशाचीला लढला’ हे वाक्य त्यामुळे चूक ठरतं. तसंच १८२१ आणि १८२३ला तो राज्याच्या विधिमंडळावर, म्हणजे आमदार; १८२७ ते १८३१ आणि १८३३ ते १८३५ खासदार. १८२१च्या अधिवेशनाचे कागद टेनेसीच्या आजच्या राजधानीच्या, म्हणजे नॅशव्हिलच्या नावाखाली शोधू नका, तेव्हा राजधानी मर्फ्रीसबरो होती.

अमेरिकेचा सर्वसाधारण इतिहास सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात बसून वाचून घ्या. मूळ कागदांसाठी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर मोफत खातं काढा. काही कागदांची छायाचित्रं मात्र घरून उघडत नाहीत. आडनाव एक ‘टी’ आणि दोन ‘टी’ अशा दोन्ही स्पेलिंगने शोधा. १८४० पर्यंतच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, त्यामुळे बायकामुलांची नावं तिथे मिळत नाहीत. नॅशव्हिलच्या अभिलेखागाराला फोन करायचा तर रात्री नऊनंतर करा. थंडीत त्यांचं घड्याळ आपल्या साडेअकरा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेदहा.

१८३५ पासून त्याच्या नावावर निघालेली पंचांगवजा पुस्तकं अस्वलांच्या थापांनी भरलेली आहेत, ती पुरावा म्हणून घेऊ नका. १८३४चं आत्मचरित्र घ्या, पण ते निवडणुकीच्या राजकारणात असताना लिहिलंय हे लक्षात ठेवून. टल्लूशाचीत ४६ योद्धे असलेलं घर आपल्या लोकांनी जाळलं, असं तो स्वतःच त्यात सांगतो. याच माणसाने १८३० मध्ये मूळ रहिवाशांना हुसकावण्याच्या कायद्याविरुद्ध मत दिलं. दुसरी गोष्ट सांगून पहिली गाळली तर चरित्र खोटं होतं, दोन्ही शेजारी ठेवा.

मृत्यू ६ मार्च १८३६, टेक्सासमधल्या अलामो या ठाण्यावर, मेक्सिकन फौजेच्या हल्ल्यात. लढताना पडला की पकडून मारला, याबद्दल जुन्या साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत. दोन्ही द्या, आणि कुठली साक्ष कोणाची व किती वर्षांनी लिहिलेली, ते त्याच परिच्छेदात नोंदवा.