दोन कागदी पट्ट्यांवर पसरणारा सागरतळ

मुंबईच्या नैर्ऋत्येला खोल समुद्रात कार्ल्सबर्ग ही पर्वतरांग आहे. तिच्या उत्तरेला भारतीय प्लेट, दक्षिणेला सोमाली प्लेट (प्लेट म्हणजे पृथ्वीच्या बाह्य कवचाचा सरकणारा मोठा तुकडा). दोन्ही मिळून वर्षाला साधारण अडीच सेंमी दूर सरकतात आणि मधल्या भेगेत शिलारस थिजून नवा तळ तयार होतो. थिजताना हा खडक, म्हणजे बेसाल्ट, पृथ्वीच्या त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतो. ही दिशा अधूनमधून उलटते, म्हणून तळावर चुंबकीय पट्टे उमटतात. व्हाइन आणि मॅथ्यूज या ब्रिटिश भूशास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये हा अर्थ लावला, तो याच रांगेवरच्या मोजणीच्या आधारे.

प्रतिकृतीसाठी ८ सेंमी रुंद, १८ सेंमी लांब अशा जाड कागदाच्या दोन पट्ट्या घ्या. तळाचे ३ सेंमी कोरे सोडा आणि तिथे शून्याची रेघ मारा. १ सेंमी म्हणजे ३ लाख वर्षं. शून्यापासून २.६ सेंमीपर्यंत काळा रंग (आजची दिशा, ७.८ लाख वर्षं), ८.६ पर्यंत पांढरा (उलटी दिशा, २५.८ लाख), १२ पर्यंत पुन्हा काळा (३६ लाख), पुढे पांढरा. मधले छोटे पालट इथे सोडले आहेत.

आता रंगवलेल्या बाजू समोरासमोर ठेवून कोरी टोकं चिकटपट्टीने जोडा. इथेच हमखास चूक होते: रंग बाहेर ठेवला, तर पट्ट्या दुमडल्यावर तो खाली जातो. पुठ्ठ्याला ८.५ सेंमी लांब, ३ मिमी रुंद खाच पाडा, पुठ्ठा पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर ठेवा, पट्ट्या खालून वर घ्या आणि दोन्हीकडे सारख्या ओढा. खाच अरुंद राहिली तर कागद चुरगळतो. एकीकडे जास्त ओढ बसली तर चिकटपट्टी सुटते आणि पट्टे जुळत नाहीत.

शून्याची रेघ खाचेत आली की थांबा आणि मोजा. एका बाजूचा वेग वर्षाला १.२ सेंमी धरला, तर इथला १ सेंमी म्हणजे खरे ३.६ किमी. ३६ लाख वर्षांचा तळ रांगेपासून सुमारे ४३ किमीवर सापडायला हवा.

समुद्र संपला की प्लेट संपते, असं अनेकांना वाटतं. पण सागरतळ हा प्लेटचाच पृष्ठभाग आहे. मुंबईचा किनारा दाखवायचा, तर उत्तरेची हीच पट्टी चार मीटरहून लांब वाढवावी लागेल, आणि किनाऱ्यापाशी कात्री लावायची नाही.