हात न माखता गाडीचे ऑइल कसे बदलावे

गाडीचे इंजिन ऑइल स्वतः बदलणे हे फारसे कौशल्याचे काम नाही. जुने ऑइल काढायचे, फिल्टर बदलायचा आणि नवे ऑइल भरायचे, एवढाच त्याचा पसारा आहे. तरीही हा उद्योग एकदा करून पुन्हा त्याच्या वाटेला न जाणारे पुष्कळ असतात, कारण काम संपल्यावर त्यांच्या वाट्याला कोपरापर्यंत माखलेले हात, जमिनीवरचा काळा डाग आणि काठोकाठ भरलेले एक घमेले आलेले असते. माझ्या अनुभवात ही सगळी घाण तीनच क्षणी होते: जुने ऑइल बाहेर सोडणारा इंजिनाच्या तळाचा ड्रेन बोल्ट सुटतो तेव्हा, फिल्टर उतरतो तेव्हा आणि जुने ऑइल एका भांड्यातून दुसऱ्यात जाते तेव्हा. त्या प्रत्येक क्षणी ऑइल कोणत्या दिशेने जाणार, हे पाना हातात घेण्यापूर्वी ठरवलेले असले की उरलेले काम कोरड्या हातांनी होते.

गाडीच्या माहितीपुस्तिकेतून ऑइलचा दर्जा आणि फिल्टरसह भरण्याचे प्रमाण आधी पाहून घ्यावे. बहुतेक लहान-मध्यम गाड्यांना साधारण साडेतीन ते पाच लिटर ऑइल लागते. गाडीखाली खोके उलगडून मोठा पुठ्ठा अंथरावा. वर्तमानपत्र लगेच भिजते आणि बुटाला चिकटून घरभर फिरते, तर नुसत्या प्लास्टिकच्या कागदावर सांडलेले ऑइल शोषले न जाता पसरत राहते. म्हणून खाली प्लास्टिक आणि वर पुठ्ठा ही जोडी मला सर्वांत उपयोगी वाटते. हातमोजे नायट्रिलचे घ्यावेत आणि ते एकावर एक असे दोन जोड घालावेत. फिल्टर उतरवून झाला की वरचा माखलेला जोड काढून टाकता येतो आणि नव्या ऑइलचा डबा, बॉनेट किंवा दाराची मूठ स्वच्छ हातांनी धरता येते. चिंध्या हात पोहोचेल तिथे आधीच ठेवाव्यात, कारण माखलेल्या हाताने चिंधी शोधत फिरणे हेच निम्म्या डागांचे मूळ असते.

गाडी उचलायची असेल तर जमीन सपाट आणि कठीण असावी, हँडब्रेक ओढलेला असावा आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना अडसर म्हणून उटी लावलेली असावी. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. गाडी टेकवायचे जॅक स्टँड किंवा चाके चढवायचा रॅम्प हवाच. ज्या गाडीखाली न उचलताही हात पोहोचतो, ती उचलूच नये.

ऑइल गरम असताना काढावे असे सांगितले जाते. ते बरोबर आहे, पण शब्दशः घेतले तर हात भाजतो. लांब पल्ल्याहून आलेल्या गाडीचे ऑइल ९० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असते आणि शेजारचा सायलेन्सरचा पाइप त्याहून कितीतरी अधिक. थंड इंजिन पाचेक मिनिटे चालू ठेवून बंद करावे आणि दहा मिनिटे थांबावे. एवढ्याने ऑइल पातळ होते, तळाचा गाळ त्यात मिसळतो आणि चटकाही बसत नाही. त्यानंतर वरचे ऑइल भरण्याचे झाकण उघडून ठेवावे. हवेला वरून वाट मिळाली की खालची धार गुटगुट न करता सलग पडते आणि शिंतोडे कमी उडतात.

आता बोल्ट. त्याला नेमका बसणारा सहाकोनी गोटी पाना किंवा रिंग पाना वापरावा, कारण मागेपुढे होणारा पाना बोल्टचे कोने मारून टाकतो. पान्याने बोल्ट फक्त ढिला करावा आणि पुढचे आटे बोटांनी सोडावेत. सोडताना बोल्ट सतत वर, म्हणजे चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्याच्या) दिशेने, दाबून धरणे ही यातली खरी मेख आहे. तसे दाबले की शेवटच्या आट्यापर्यंत थेंबही गळत नाही, आटे संपल्याचे बोटांना स्पष्ट कळते, आणि मग बोल्ट एका झटक्यात बाजूला घेता येतो. दाब न देता सोडला तर शेवटचे दोन-तीन आटे ऑइल बोटांवरून मनगटाकडे ओघळत राहते. हात धारेच्या उलट बाजूने यावा आणि कोपर बोल्टपेक्षा खाली नसावे; कोपर खाली असले की ओघळ बाहीत शिरलाच.

पहिली धार सरळ खाली पडत नाही. चेंबरमध्ये ऑइल भरलेले असल्यामुळे ती बोल्टच्या तोंडाच्या दिशेने चांगली वीतभर, कधी त्याहून लांब उडते, आणि पातळी उतरत जाते तशी मागे सरकत थेट भोकाखाली येते. म्हणून भांडे सुरुवातीला पुढे सरकवून ठेवावे आणि धार आखडू लागली की मागे ओढावे. भांडे पसरट असावे आणि निघणाऱ्या ऑइलच्या दीडपट तरी मावेल एवढे असावे, नाहीतर ते हलवताना हिंदकळते. वारा असेल तर शेवटची बारीक धार भांड्याबाहेर उडते, तेव्हा वाऱ्याच्या बाजूला पुठ्ठ्याचा एक तुकडा उभा करावा. बोल्ट हातातून निसटून भांड्यात पडला तर त्याच्यामागे हात घालू नये. नंतर चुंबकाने काढता येतो.

वरच्या खोलगट भागातून ऑइल पोटात जाणारे बंद डबेही मिळतात आणि ते सोयीचे असतात, पण मी असा डबा पहिल्यांदा वापरला तेव्हा हवा जाण्याचे छोटे बूच उघडायला विसरलो. ऑइल आत शिरेना, वर साचत गेले आणि मी गाडीखाली आडवा पडून ते चारही कडांवरून शांतपणे ओसंडताना पाहत राहिलो, कारण धार थांबवायला लागणारा बोल्ट तोवर त्याच तळ्यात बुडाला होता. तेव्हापासून असा डबा गाडीखाली सरकवण्यापूर्वी मी त्याची दोन्ही बुचे हाताने चाचपून पाहतो.

ऑइल दहा-पंधरा मिनिटे निथळू द्यावे. तेवढ्यात बोल्ट पुसून त्याचा तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वॉशर बदलावा. हा वॉशर दबून फट बुजवतो, म्हणून तो दर वेळी नवा घालणे चांगले. मात्र जुना वॉशर चेंबरला चिकटून राहिलेला नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. बोल्ट आधी हाताने पूर्ण बसवावा आणि मग पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने, म्हणजे पिळण्याच्या जोराने, आवळावा. पुष्कळ गाड्यांत हा आकडा २५ ते ४० न्यूटन-मीटर असतो, म्हणजे लोक सवयीने लावतात त्यापेक्षा कमी. अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे एकदा गेले की पुढची दुरुस्ती ऑइल बदलण्यापेक्षा कितीतरी मोठी असते.

खरी परीक्षा फिल्टरची. फिरवून बसणारा फिल्टर इंजिनाखाली सरळ लटकलेला असेल तर काम सोपे आहे, पण तो आडवा असेल आणि त्याच्या खाली एखादा आडवा दांडा किंवा अॅक्सल असेल, तर फिल्टर सुटताच त्यातले ऑइल त्या भागावर पडते आणि पुढे कित्येक दिवस तिथून ठिबकत राहते. मग नवा फिल्टर गळतो की काय, अशी शंका विनाकारण येते. यावर माझा तोडगा असा: रिकामी प्लास्टिकची बाटली उभी चिरून तिची पन्हळ करायची आणि ती फिल्टरच्या तोंडाखाली तिरपी धरून तिचे दुसरे टोक भांड्यावर आणायचे. बाटलीला जागा नसेल तर अॅल्युमिनियमच्या जाड फॉइलचे तीन-चार पदर हव्या त्या आकारात दाबून बसवता येतात. फॉइल दिलेला आकार सोडत नाही, हा त्याचा गुण. पन्हळ लावली की फिल्टर अर्धा फेरा ढिला करून दोन-तीन मिनिटे तसाच ठेवावा. कडेने ऑइल हळूहळू गळून जाते आणि फिल्टर बराच रिकामा हाती येतो. शेवटचे फेरे फिल्टरवर प्लास्टिकची जाड पिशवी चढवून बाहेरूनच फिरवावेत, म्हणजे तो सुटताना आपोआप पिशवीत उतरतो.

फिल्टर हाताला घसरत असेल तर त्याभोवती सँडपेपर गुंडाळून पाहावा. तरीही न हलल्यास त्याच्या बुडाला टोपीसारखा बसणारा फिल्टर पाना वापरावा. फिल्टरला आरपार स्क्रू-ड्रायव्हर ठोकून तो फिरवण्याची जुनी रीत मी कोणालाही सुचवणार नाही. पत्रा फाटतो, ऑइल चहूकडे उडते, आणि फिल्टर तरीही निघाला नाही तर गाडी चालू करण्याचीही सोय राहत नाही.

उतरवलेल्या फिल्टरवर रबराची कडी आलेली आहे का, हे न चुकता पाहावे. ती इंजिनाला चिकटून राहिली आणि नवी कडी तिच्यावर बसली, तर इंजिन चालू होताच त्या दुहेरी कडीतून ऑइल जोराने बाहेर फेकले जाऊ शकते. बसण्याची जागा पुसून, नव्या कडीला नव्या ऑइलचे बोट फिरवून फिल्टर हाताने बसवावा, आणि कडी टेकल्यानंतर फिल्टरवर लिहिलेले असेल तेवढाच, बहुधा पाऊण फेरा, आवळावा. काही इंजिनांत नुसता कागदी फिल्टर झाकणाखाली असतो. तिथे झाकणाची रबरी कडी बदलावी लागते, आणि झाकणावर टॉर्कचा आकडा कोरलेला असेल तर तोच पाळावा.

ज्यांचा फिल्टर वरून काढता येतो, त्यांनी डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीच्या) नळीतून ऑइल ओढून घेणाऱ्या पंपाचा विचार जरूर करावा. गाडीखाली जायचेच नाही, बोल्ट सोडायचा नाही आणि ऑइल सरळ बंद टाकीत जाते. पंपाची नळी चेंबरच्या तळापर्यंत पोहोचत नसेल तर मात्र जुने ऑइल मागे राहते, म्हणून किती निघाले ते मोजून पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहावे. बोल्टच्या जागी बसणारी तोटीही मिळते. तिच्या तोंडाला नळी लावली की एक थेंबही इकडेतिकडे जात नाही. पण ती चेंबरच्या खाली लोंबत असेल आणि गाडी दगडधोंड्यांवरून जात असेल तर मी साधा बोल्टच पसंत करेन.

नवे ऑइल भरताना डबा आडवा धरावा, ज्याचे तोंड एका कडेला असते ती कडा वरच्या बाजूला ठेवावी. ऑइलच्या वरून हवा आत जाते आणि धार गचके न खाता नरसाळ्यात पडते. सांगितलेल्या प्रमाणापेक्षा अर्धा लिटर कमी भरून थांबावे, डिपस्टिक पाहावी आणि मग थोडे थोडे वाढवावे. बऱ्याच गाड्यांत डिपस्टिकवरच्या दोन खुणांमध्ये जवळपास एक लिटरचा फरक असतो. वरच्या खुणेपलीकडे भरणे टाळावे, कारण क्रँकशाफ्टने, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या मुख्य दांड्याने, ऑइल घुसळले जाऊन फेस होतो आणि फेसाने वंगण नीट होत नाही. इंजिन अर्धा-एक मिनिट चालवून ऑइलचा दिवा विझल्याची खात्री करावी, खाली वाकून बोल्ट आणि फिल्टर पाहावा, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा डिपस्टिक बघावी.

जुने ऑइल नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यांत नरसाळ्याने भरावे, आणि ते डबे पुठ्ठा उचलण्यापूर्वीच भरावेत, म्हणजे सांडले तरी पुठ्ठ्यावरच सांडते. त्यात कूलंट, पेट्रोल किंवा ब्रेक ऑइल मिसळू देऊ नये, कारण तशा मिश्रणाचे पुनर्शुद्धीकरण कठीण होते. जुना फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळवावा. त्यातूनही बरेच ऑइल निघते. हे सगळे वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्या केंद्राकडे किंवा ते स्वीकारणाऱ्या गॅरेजकडेच जायला हवे. ते गटारात किंवा मातीत ओतणे, किंवा लाकडाला वाळवी लागू नये म्हणून वापरणे चुकीचे आहे, कारण वापरलेल्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेचे धातू आणि कर्करोगाला कारण ठरू शकणारी संयुगे असतात. त्वचेला लागले तर आधी कोरड्या चिंधीने पुसावे, मग थोडे खाद्यतेल चोळावे आणि शेवटी भांडी घासण्याच्या साबणाने धुवावे. पेट्रोलने हात धुऊ नयेत.

जमिनीवर सांडलेच तर पाणी मारू नये, त्याने डाग पसरतो. लाकडाचा भुसा जाड थरात टाकून बुटाच्या तळव्याने रगडावा, रात्रभर ठेवावा आणि सकाळी झाडून घ्यावा. तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा, गाडी नेहमीच्या जागी लावावी आणि बोल्ट आणि फिल्टर यांच्या बरोबर खाली पुठ्ठ्याचा एक कोरा तुकडा सरकवून ठेवावा. दुसऱ्या दिवशी तो तुकडा कोराच असेल, तर बोल्ट आणि फिल्टर दोन्ही नीट बसले आहेत.