ट्रँगलमध्ये नवीन आलात? नोव्हेंबरात केरीला मुलींचा सॉकर बघायला जा

नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली-डरॅम भागात, म्हणजे ‘ट्रँगल’मध्ये, नोकरी लागून आलेल्या मराठी घराची पहिल्या सहा महिन्यांची कामं ठरलेली असतात. सोशल सिक्युरिटी नंबर, लायसन्स, गाडी, मुलांची शाळा, चॅटम स्ट्रीटवरची देशी दुकानं, आणि मॉरिसव्हिलच्या चर्च स्ट्रीट पार्कात क्रिकेट कधी असतं याची चौकशी. हे सगळं सांगायला व्हॉट्सॅपवर शंभर जण तयार आहेत. जे सहसा कोणी सांगत नाही ते मी सांगते: ए.सी.सी.ची, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या कॉलेजांच्या गटाची, महिला सॉकर स्पर्धा. ऑक्टोबर संपता संपता ती सुरू होते. पहिली फेरी वरचं मानांकन मिळालेल्या कॉलेजांच्या मैदानांवर होते. गेली काही वर्षं सेमीफायनल आणि फायनल मात्र आपल्या केरीतच, वेकमेड सॉकर पार्कमध्ये होत आल्या आहेत.

का जायचं? ऑफिसात आज ना उद्या कोणीतरी विचारणार आहे, ‘ड्यूक की कॅरोलायना?’, म्हणजे तुम्ही कुठल्या कॉलेजच्या बाजूचे. ‘आम्ही खेळ बघत नाही’ असं उत्तर दिलंत तर गप्पा तिथेच संपतात. बास्केटबॉलपासून सुरुवात करू नका. ड्यूक-कॅरोलायनाच्या सामन्याचं तिकीट मिळणं कठीण आणि मिळालं तरी खिशाला परवडत नाही. अमेरिकन फुटबॉल समजायलाच एक सीझन जातो. सॉकर आपल्याला आधीच कळतो. कोल्हापूरकरांना तर काहीच शिकवायला नको: शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार बघितलेल्या माणसाला इथली पेठापेठांतली चुरस पाच मिनिटांत ओळखीची वाटते. ड्यूक, चॅपेल हिलची कॅरोलायना आणि रॅलीची एन.सी. स्टेट या तिन्ही कॉलेजांमध्ये गाडीने अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त अंतर नाही, आणि हाडवैर पिढ्यान्‌पिढ्यांचं. चौथं वेक फॉरेस्ट, ते जरा लांब, विन्स्टन-सेलमला.

खेळाचा दर्जा काय, अशी शंका माझ्या ओळखीच्या प्रत्येक नवऱ्याने काढली आहे. अमेरिकेची नामवंत खेळाडू मिया हॅम कॅरोलायनाकडून खेळली. इंग्लंडने २०२२ साली महिलांचा युरो चषक जिंकला, त्या संघातल्या लूसी ब्रॉन्झ आणि अलेसिया रूसो या दोघीही याच कॉलेजात खेळून गेल्या. प्रशिक्षक अॅन्सन डोरन्स यांनी १९७९ पासून २०२४ पर्यंत हा महिला संघ घडवला. ते निवृत्त झाले त्याच सीझनला कॅरोलायनाने वेक फॉरेस्टला १-० हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं, तेही केरीच्याच मैदानावर. कॉन्फरन्सच्या स्पर्धेत मात्र अलीकडे दबदबा फ्लोरिडा स्टेटचा. २०२० ते २०२३ सलग चार वर्षं चषक त्यांनी नेला. २०२४ पासून स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया (बर्कली) ही कॉलेजंही याच कॉन्फरन्समध्ये आहेत, म्हणजे पॅसिफिक किनाऱ्यावरच्या मुली अटलांटिक किनाऱ्याचा चषक जिंकायला अख्खा देश ओलांडून येतात. यामागे टीव्हीच्या हक्कांचा पैसा आहे. मुलींच्या अभ्यासाचं काय होतं, हा प्रश्न तुम्हालाही पडेल.

स्पर्धेत पणाला काय असतं ते समजून घ्या. कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकणाऱ्या संघाला ६४ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. उरलेल्या जागा निवड समिती भरते. ए.सी.सी.तले बलाढ्य संघ हरले तरी बहुतेक वेळा समिती त्यांना घेतेच, त्यामुळे इथे लढाई मानाची आणि पुढच्या मानांकनाची. छोट्या कॉन्फरन्सांमध्ये मात्र फायनल हरली की बहुधा सीझन तिथेच संपतो, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलींचं कॉलेजचं खेळणंही. माझ्या मते रडकुंडीला आणणारा खेळ खरं तर तिथे असतो.

नेहमीच्या सॉकरपेक्षा नियमांत दोन-तीन फरक आहेत. घड्याळ उलटं चालतं, पंचेचाळीसवरून शून्याकडे, आणि गोल झाला किंवा कार्ड दाखवलं की थांबतं. शून्य झालं की हाफ संपला, रेफरीच्या मनातली जादा मिनिटं नाहीत. शेवटचे दहा सेकंद अख्खं मैदान मोठ्याने मोजतं, तुम्हीही मोजा. बरोबरी झाली तर दहा-दहा मिनिटांचे दोन हाफ पूर्ण खेळवतात, मग पेनल्टी. पूर्वी जादा वेळेत पहिला गोल झाला की सामना तिथेच संपायचा, ते २०२२ पासून बंद झालं. बदली खेळाडू भरपूर येतात-जातात, आणि दुसऱ्या हाफमध्ये बाहेर गेलेली मुलगी परतही येऊ शकते. त्याला बिचकू नका.

आता मुलगी असलेल्यांसाठी. स्टँडमध्ये बसल्याबसल्या बाबांच्या डोक्यात हिशोब सुरू होतो: ही खेळली तर कॉलेज फुकट! थांबा. १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे कॉलेजांना मुलींच्या खेळाला समान संधी द्यावी लागली, म्हणून हा खेळ इथे इतका वाढला, हे खरं. पण वर्षानुवर्षं एका संघाला जास्तीत जास्त १४ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या पंचवीस-तीस जणींत तुकडे करून वाटल्या जात. आता ती मर्यादा जाऊन संघात २८ खेळाडूंची मर्यादा आली आहे, आणि कुठलं कॉलेज किती पैसे देईल हे ज्याच्या त्याच्या तिजोरीवर आहे. वर ए.सी.सी.च्या जागांसाठी परदेशातल्या मुलीही रांगेत असतात. लहानपणापासून क्लबची फी, दुसऱ्या राज्यांतल्या स्पर्धा आणि हॉटेलं यांवर होणारा खर्च मांडलात तर तेवढ्या पैशांत कॉलेजची बरीच फी भरून होईल. आठ वर्षांच्या मुलीला आधी साध्या रेक लीगमध्ये, म्हणजे हौसेने खेळायच्या स्थानिक लीगमध्ये, घाला. शनिवारी सकाळी खेळेल, संत्र्याच्या फोडी खाईल, आणि बाजूला खुर्च्या टाकून बसलेल्या आयांशी तुमची ओळख होईल. इथल्या माझ्या निम्म्या मैत्रिणी मला त्या खुर्च्यांवरच मिळाल्या.

मैदानावर जायचं तर कपड्यांचा विचार करा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, त्यामुळे सव्वापाचलाच अंधार आणि पाठोपाठ गारठा. दुपारच्या उन्हाला भुलून आजी-आजोबांना स्वेटरशिवाय नेऊ नका. भारतातून नुकतीच आलेली मंडळी पहिल्या हाफमध्येच कुडकुडायला लागतात. पर्स घरी ठेवा, पारदर्शक पिशवी न्या. घरचे डबे आत नेता येत नाहीत, तेव्हा जेवून निघा. रंगांचं भान ठेवा: गडद निळा ड्यूकचा, आकाशी कॅरोलायनाचा, लाल एन.सी. स्टेटचा. कुणाचीच बाजू घ्यायची नसेल तर करडं काहीतरी घाला, पण मग मजा कमी. राष्ट्रगीताला टोपी काढून उभं राहा, तेवढं पुरे.

तारीख दिवाळीच्या आसपास येते आणि मंडळाचा कार्यक्रम त्याच शनिवार-रविवारी पडू शकतो. सेमीफायनल बहुधा आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी असते. माझा सल्ला, तीच गाठा. एका तिकिटात दोन सामने असतील तर पैसे वसूल, आणि फराळाच्या तयारीचा रविवार मोकळा राहतो. निघण्याआधी ए.सी.सी.च्या साइटवर वेळ आणि ठिकाण तपासा. घरीच बसायचं असेल तर ए.सी.सी. नेटवर्कवर बरेच सामने दिसतात, फक्त तुमच्या टीव्हीच्या पॅकेजमध्ये ते चॅनेल आहे ना ते बघा.

फायनलनंतरच्या सोमवारी राष्ट्रीय स्पर्धेचे ६४ संघ जाहीर होतात आणि पहिल्या फेरीचे सामने मानांकित कॉलेजांच्याच मैदानांवर होतात. चॅपेल हिलला डोरन्स फील्ड आणि डरॅमला कोस्किनेन स्टेडियम, दोन्ही केरीपासून जवळच. तिथे सामना ठरला तर ऑफिसातून थोडं लवकर निघा. संध्याकाळी आय-४० हायवेवर गर्दी असते आणि कॅम्पसवरचं पार्किंग शोधायला वेळ जातो.