धुराची गाडी बोलवायच्या आधी सोसायटीत काय करायचं

पाऊस सुरू झाला की दरवर्षी ग्रुपवर तोच मेसेज येतो, बी विंगमध्ये डेंग्यूचा पेशंट आहे, फॉगिंग कधी करणार, आणि खाली भराभर अंगठे. फॉगिंगला माझा विरोध नाहीये पण ते करतं काय ते बघा ना. धुराने फक्त उडते डास मरतात, तेही ज्यांना धूर लागला तेवढेच. डेंग्यूचा डास म्हणजे एडिस, तो घरात पडद्यामागे, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांत दडून बसतो, आणि गाडी आली की आपण पहिलं काम काय करतो तर खटाखट खिडक्या लावून घेतो 😅 पाण्यातल्या अळ्यांना तर त्या धुराचं काहीच नाही.

दुसरं म्हणजे नाल्याच्या नावाने ओरडणं बंद करा. नाल्यातले डास रात्री पिडतात ते वेगळे. एडिसला लागतं आपल्या घरातलं साठवलेलं स्वच्छ पाणी, तो चावतो दिवसा, जास्त करून सकाळी आणि संध्याकाळच्या आधी, आणि जन्मला तिथून साधारण शे-दोनशे मीटरच्या पलीकडे तो फारसा जात नाही. म्हणजे पेशंट आपल्याकडे निघाला तर बहुतेक वेळा डासही आपलाच किंवा शेजारच्या बिल्डिंगचा.

अंड्याचा डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस, म्हणजे घरोघरी साठलेलं पाणी शोधून भांडी रिकामी करून वाळवायची. रविवारी सकाळी ठेवा, लोक घरी असतात. प्रत्येक विंगला दोघंतिघं घ्या, त्यात एखादी बाई असली तर दारं पटापट उघडतात, आणि पाचवी-सहावीतली पोरं टॉर्च देऊन सोबत न्याच, मोठ्यांना जे दिसत नाही ते त्यांना दिसतं. अळ्या ओळखायला पांढऱ्या मगात पाणी घ्या आणि टॉर्च मारा, केसाएवढ्या बारीक काड्या वळवळत तळाला जातात आणि थोड्या वेळाने श्वास घ्यायला परत वर येऊन लटकतात. एकदा घरमालकाला हे त्याच्याच बादलीत दाखवलं की पुढच्या वेळी सांगावं लागत नाही.

बघायचं कुठे? वरून सुरू करा. गच्चीवरच्या टाकीची झाकणं (एक तरी फुटलेलं सापडतंच), ओव्हरफ्लोच्या पाईपला जाळी आहे का, टाकीमागे टाकलेलं भंगार, पक्ष्यांसाठी ठेवलेलं भांडं. मग घरात फ्रिजच्या मागचा ट्रे, हा कुणालाच माहीत नसतो, एसीच्या पाण्याखाली ठेवलेली बादली, कुंड्यांखालच्या बशा, बाटलीतला मनीप्लांट, कूलर. खाली पार्किंगमध्ये जुने टायर, ताडपत्रीच्या घड्या, लिफ्टचा खड्डा, वॉचमनच्या केबिनमागचं पिंप. आणि बंद फ्लॅट! मालक परदेशात, किल्ली कुणाकडे पत्ता नाही, आत कमोडमध्ये आणि बादलीत पाणी तसंच. कमिटीने किल्ल्यांचा विषय पावसाच्या आधीच मिटवून टाकावा.

आता यातली मेन गोष्ट. पाणी नुसतं ओतून चालत नाही, भांडं आतून घासायला लागतं, कारण अंडी पाण्याच्या कडेला भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, परत पाणी भरलं की झालं सुरू. काथ्याने घासा, पालथं घालून वाळवा. अळ्यांचं पाणी मातीत किंवा तापलेल्या फरशीवर ओता, गटारात नको. जे रिकामं करताच येत नाही, कारंजं किंवा मोठा हौद, त्यात गप्पी मासे सोडा, महापालिकेच्या नाहीतर आरोग्य केंद्राच्या लोकांकडे मिळतात. अळीनाशकही त्यांनाच मोजून टाकू द्या, स्वतः अंदाजपंचे नको.

शेजारी बांधकाम चालू असेल तर तिथे जाच. स्लॅबवर साठवलेलं पाणी, लिफ्टचे खड्डे, यासाठी बिल्डरला सांगा, नाही ऐकलं तर आरोग्य खात्याकडे तक्रार करा, नोटीस निघते. पण तिथल्या मजुरांच्या बायकांना लेक्चर देऊ नका हो, नळ नाही म्हणून त्या पिंपात पाणी भरतात, त्यांना पिंपाच्या तोंडाला बांधायला जुन्या ओढण्या आणि दोरी नेऊन द्या, ते जास्त कामाचं आहे.

आता कुणाला झालाच तर. ग्रुपवर "कुणामुळे आला" ही चर्चा नको, नाहीतर पुढचा पेशंट लपवेल, आणि आपल्याला तर लगेच कळायला हवं म्हणजे त्याच्या आजूबाजूची घरं त्याच दिवशी तपासता येतात. तापाच्या पहिल्या दिवसांत त्याला चावलेला डास पुढे दुसऱ्याला देतो, म्हणून पेशंट दिवसासुद्धा मच्छरदाणीतच.

ताप आला की पॅरासिटामॉल, तीही डॉक्टर सांगतील तेवढीच. अंगदुखीला घरात पडलेली ब्रुफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन अजिबात नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. रक्ताची टेस्ट पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (यात विषाणूचा अंश सापडतो), नंतर आयजीएम (यात शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं). पेज, ताक, नारळपाणी, ओआरएस थोडं थोडं सारखं देत राहा आणि लघवी होतेय का बघा.

फसायला होतं ते ताप उतरल्यावर. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये ताप जातो, घरचे म्हणतात सुटलो, आणि खरी काळजी त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत असते. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार, पेशंट गुंगीत, यातलं एकही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा. ज्याला आधी डेंग्यू होऊन गेलाय त्याच्या बाबतीत जास्तच सावध, चार प्रकारचे विषाणू आहेत आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराचा झाला तर तो जड जाऊ शकतो.

आणि प्लेटलेट. रिपोर्ट ऐंशी हजार आला की ग्रुपवर डोनर हवेत म्हणून पळापळ. रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत सहसा चढवत नाहीत, त्या आपोआप वाढतात, डॉक्टर नाडी, बीपी आणि हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय) बघत असतात. पपईच्या पानांचा रस उलटी होत असलेल्या माणसाला बळंच पाजू नका.

डोनरपेक्षा माणसं लागतात. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना दिवसातून दोनदा फोन, पेशंटच्या घरी डबा, पोरांना शाळेतून आणणं, हॉस्पिटलमध्ये रात्रीला थांबायला कोण. ही नावं कमिटीने जूनमध्येच लिहून ठेवा, गणपतीत सगळे बिझी असतात आणि पेशंटही बरोब्बर त्याच सुमाराला वाढायला लागतात.