एक देश पुढे, शेजारचा मागे: कारणं शोधायची कशी?

नुसता जीडीपी बघत बसू नका, शेजारशेजारचे दोन देश घ्या, म्हणजे हवामानाचं निमित्त बऱ्यापैकी बाद होतं. उदा. हैती (मागे पडलेला) आणि डॉमिनिकन रिपब्लिक (पुढे गेलेला), कॅरिबियनमधलं बेट एकच. मग जुना हिशोब काढा: हैती 1804 ला फ्रान्सपासून स्वतंत्र झाला, पण 1825 ला फ्रान्सने युद्धनौका पाठवून गमावलेल्या वसाहतीची 15 कोटी फ्रँक भरपाई मागितली (1838 ला 9 कोटी केली, उपकारच म्हणायचे!), ती भरायला कर्ज काढलं, त्याची फेड 1947 पर्यंत चालली, मग शाळा-रस्त्यांना पैसा उरणार कुठून? नंतर हैतीचे हुकूमशहा डुव्हालिए बापलेकांनीही हात धुऊन घेतले, तेही लिहा. परिणाम माणसांच्या जाण्यायेण्यात बघा: हैतीचे मजूर बॉर्डर ओलांडून ऊसतोडीला जातात. नकाशावर तो बाण काढाच.