मैलागाडीला फोन करण्याआधी

संडास तुंबला की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "टाकी भरली, गाडी बोलवा." सेप्टिक टाकी, म्हणजे संडास-न्हाणीचं पाणी जिथे जातं ती जमिनीखालची टाकी, भरलेली असते हे खरंच, पण ती कायमच भरलेली असते, तिचं काम चालतंच तसं. घरातून जितकं पाणी आत येतं तितकंच दुसऱ्या तोंडाने शोषखड्ड्याकडे, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्याकडे जातं, आणि मधल्या मुक्कामात जड मैला तळाशी बसतो, तेलकट आणि हलकं ते सायीसारखं वर येतं. पाच माणसांचं घर आणि माणशी १२० लिटर पाणी धरलं तर रोजचे ६०० लिटर झाले. ३,००० लिटरची टाकी तळापर्यंत उपसली तरी पाच दिवसांत पाणी पुन्हा बाहेर जाणाऱ्या पाइपाला लागणार. मग लोक झाकण उघडून बघतात आणि गाडीवाल्याच्या नावाने शंख करतात.

खरं शोधायचं ते हे की पाणी अडलंय कुठे. घरातल्या पाइपात, घर ते टाकीच्या लाइनीत, टाकीच्या आत, की टाकीपलीकडच्या जमिनीत? या चारांपैकी गाडी फक्त टाकीचं दुखणं बरं करते. बाकी तिन्हींत चार दिवस बरं वाटतं आणि पैसे जातात. म्हणून फोन उचलण्याआधी अर्धा दिवस काढून पुढची तयारी करा.

सुरुवात वही-पेन्सिलीने. घराचा ओबडधोबड नकाशा काढा: संडास, न्हाणीघर, सिंक, धुण्याचं मशीन, आणि त्यांचे पाइप भिंतीबाहेर कुठे पडतात. तिथून सरळ रेषेत चालत गेलात की चेंबर (लाइन तपासायचा झाकणाचा खड्डा) आणि टाकी सापडायला हवी. वर माती किंवा फरशी चढली असेल तर बारीक सळई हलक्या हाताने टोचत जा. जोरात मारलीत तर पाइपच फुटेल. टाकीला झाकणं किती हे मोजा. दोन कप्प्यांची टाकी असेल आणि दरवेळी एकाच झाकणातून उपसा होत असेल, तर दुसऱ्या कप्प्यात वर्षानुवर्षांचा गाळ बसलेला असू शकतो. नकाशाखाली लिहा: शेवटचा उपसा कधी, तेव्हा घरात माणसं किती होती, आता किती, त्रास कधीपासून, आणि त्रासाची वेळ कोणती. रोज सकाळीच? धुण्याच्या दिवशी? फक्त पावसात? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट लिहिलंत तर निम्मं निदान तिथेच होतं.

सामान फार लागत नाही. रबरी हातमोजे, गमबूट, डोळ्यांवर चष्मा, पहार, टॉर्च, मोजपट्टी, दोन-अडीच मीटरची सरळ काठी, जुना पांढरा टॉवेल, सुतळी, खायच्या रंगाची पुडी, दोन बादल्या, साबण. आणि एक माणूस. हा माणूस यादीत सगळ्यात वर लिहायला हवा होता, कारण टाकीचं झाकण एकट्याने उघडायचं नाही.

इथे जरा थांबतो. टाकीत मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन तयार होतात. पहिल्याचा वास सडक्या अंड्यासारखा, पण प्रमाण वाढलं की तो नाकच बधिर करतो. म्हणजे वास गेला याचा अर्थ वायू गेला असा नाही. उलट तेव्हाच जास्त भीती. दुसरा पेट घेतो, म्हणून काडी, बिडी, मेणबत्ती काही नको, उजेडाला फक्त टॉर्च. झाकण सरकवून वारा जिकडून येतोय त्या बाजूला उभे राहा, थोडा वेळ जाऊ द्या, तोंडावर वाकून डोकावू नका. आत उतरायचं नाही. टाकी रिकामी असली तरी नाही, मोबाइल पडला तरी नाही, आणि कुणी आत पडलं तरी मागोमाग उडी मारायची नाही. अग्निशमन दलाला बोलवायचं, त्यांच्याकडे श्वासाची साधनं असतात. एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, असे जीव जातात. पोरं आणि कुत्री-मांजरं घरात कोंडा. झाकणाच्या स्लॅबला तडे दिसले, कडेने सळ्या उघड्या पडल्या असल्या, तर त्यावर पायही देऊ नका आणि इथेच थांबून जाणत्या माणसाला बोलवा. वायूमुळे टाकीत पाण्याच्या वरचं काँक्रीट आतून झिजतं. वरून धड दिसणारा स्लॅब खालून पोकळ झालेला असू शकतो.

आता घरात फिरा. एकच बेसिन हळू उतरत असेल तर दोष त्या बेसिनच्या पाइपात आहे, केस आणि साबण, टाकीचा काही संबंध नाही. सगळीकडेच पाणी रेंगाळत असेल तर पुढची लाइन संशयित. वरच्या मजल्यावर फ्लश केल्यावर तळमजल्याच्या न्हाणीतून पाणी वर येतंय का ते बघा. तुंबलेलं पाणी नेहमी सगळ्यात खालचं तोंड शोधतं. फ्लश केल्यावर शेजारच्या जाळीतून गुडगुड आली तर हवा अडली आहे: एकतर लाइन अर्धी बुजलीय, नाहीतर गच्चीवरच्या व्हेंट (हवा जायच्या) पाइपाच्या तोंडाशी पाखराने घरटं केलंय. हे घरट्याचं मी विनोदाने लिहीत नाही. वास येतोय पण पाणी व्यवस्थित जातंय, तर आधी न वापरल्या जाणाऱ्या न्हाणीत तांब्याभर पाणी ओता. जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वळणातलं पाणी सुकलं की खालचा वायू सरळ घरात येतो. कित्येक 'सेप्टिकचे वास' तांब्याभर पाण्यात संपतात.

मग खायचा रंग. तो फ्लशच्या टाकीत टाका आणि वीस मिनिटं कुणी फ्लश करू नका. संडासाच्या भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गळतोय. आवाज न करता गळणारी फ्लशची टाकी दिवसाला काही शे लिटर पाणी सोडू शकते, आणि ते सगळं शोषखड्ड्याच्या वाट्याला येतं. घरात माणसं दोन आणि जमिनीवर भार पाचांचा, असं होऊन बसतं.

घर आणि टाकी यांच्यामधला चेंबर उघडणं ही या सगळ्या कामातली सर्वांत फायद्याची दोन मिनिटं. घरात तुंबलंय आणि चेंबर कोरडा, तर अडथळा चेंबरच्या अलीकडे. प्लंबर बोलवा, गाडी नको. चेंबर काठोकाठ भरलाय, तर अडथळा पलीकडे. चेंबर रिकामा करून पाइपाच्या तोंडात टॉर्च मारलीत आणि केसांच्या जटेसारखी बारीक मुळं लोंबताना दिसली, तर सांध्यातून झाड आत आलंय. ते कापून तात्पुरतं भागतं, पण सांधा बदलेपर्यंत मुळं परत येत राहतात. ओले वाइप्स आणि पॅड यांचा बोळाही इथेच अडकतो. पाकिटावर 'फ्लश करता येतं' लिहिलेलं असलं तरी वाइप कागदासारखा विरघळत नाही.

टाकीचं झाकण उघडल्यावर नजर आधी पातळीवर जाऊ द्या. निरोगी टाकीत पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळकडेला टेकलेलं असतं, आणि आत येणारा पाइप त्याहून साधारण ५ ते ८ सेंटिमीटर उंच असतो. पातळी तिथेच आहे आणि घरात तुंबलंय, तर पुन्हा मागच्या लाइनीकडे जा. पातळी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या खाली उतरली असेल, भिंतीवर जुन्या पातळीची काळी रेघ वर आणि पाणी खाली, तर टाकी गळतेय. नुकता उपसा झालेला नाही हे मात्र आधी आठवा. पातळी चढून दोन्ही पाइप बुडाले असतील तर पाणी पुढे जात नाहीये. मग दोनच शक्यता उरतात: बाहेर जायचं तोंड बुजलंय, किंवा शोषखड्डा पाणी घेत नाहीये.

यातली पहिली शक्यता लोक विसरतात, आणि मीही विसरलो होतो. आमच्याकडे एका वर्षात दोनदा गाडी आली, दोन्ही वेळा महिनाभरात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा एका म्हाताऱ्या गवंड्याने टॉर्च आउटलेटच्या, म्हणजे बाहेर जायच्या तोंडाच्या, टी-पाइपावर (इंग्रजी T सारख्या जोडावर) धरला. टीच्या तोंडात साय घट्ट बसली होती, चिखलात रुतलेल्या नारळाच्या शेंड्यांसारखी. त्याने बांबूने ढोसली, आणि आमच्या डोळ्यांदेखत पाणी वीतभर खाली गेलं. पाच मिनिटांचं काम. टी आहे ना, तुटून खाली पडलेली तर नाही, हेही बघा. टी नसेल तर वरची साय सरळ शोषखड्ड्यात जाते, आणि तिथून ती काढता येत नाही. आउटलेटला जाळीचा फिल्टर असेल तर तो काढून, टाकीच्याच तोंडावर धरून धुवा.

गाळ मोजायला काठीच्या खालच्या मीटरभर भागाला टॉवेल गुंडाळून सुतळीने घट्ट बांधा. सायीतून न्याल तर टॉवेल वरच माखेल, म्हणून शक्यतो आउटलेटच्या टीच्या उघड्या तोंडातून सावकाश खाली सोडा. तळ लागला की दोन-तीन मिनिटं हलवू नका. तितक्याच सावकाश वर काढा. टॉवेलवर खाली काळे कण चिकटलेले दिसतील आणि एका उंचीनंतर कापड नुसतं मळकट ओलं. ती सीमा म्हणजे गाळाची उंची. काठीवरचा ओला भाग म्हणजे पाण्याची एकूण खोली. सायीची जाडी काढायला दुसऱ्या काठीच्या टोकाला आडवी फळकुटी ठोका, साय भेदून खाली घाला आणि वर ओढा. हाताला अडकल्यासारखं लागेल तिथे सायीचा तळ. आता बेरीज. खोली १५० सेंटिमीटर, गाळ ४० आणि साय १२, म्हणजे ५२ झाले. खोलीच्या एकतृतीयांशाच्या वर, उपसा हवाच. गाळ २० आणि साय ५ असेल तर गाडी बोलावून काहीच साधणार नाही. एरवी तीन ते पाच वर्षांनी उपसा लागतो असं धरून चालतात, पण लहान टाकी आणि मोठं कुटुंब असेल तर त्याहून लवकर. काठी खोटं बोलत नाही, दिनदर्शिका बोलते.

शेवटचा संशयित जमीन. शोषखड्ड्याभोवती चालून बघा. उन्हाळ्यात तेवढाच पट्टा हिरवागार असेल तर लगेच घाबरू नका. पण पाय दाबल्यावर माती स्पंजासारखी वाटली, काळपट पाणी वर आलं, वास आला, तर खड्डा बुजत आलाय. मैल्याचे कण वर्षानुवर्षं खड्ड्यात गेले की मातीवर जिवाणूंचा काळा चिकट थर साचतो आणि पाणी मुरायची भोकं बंद होतात. खात्री करायला आठवडाभर पाणी कमी वापरा, कपडे दुसरीकडे धुवा. त्रास निवळला तर जमीन थकली आहे. त्रास फक्त मोठ्या पावसात होत असेल तर भूजल वर आलंय, किंवा छताचं पाणी चुकीच्या वाटेने टाकीत जातंय. हे ताडायला कोरड्या दिवशी पन्हाळीच्या पाइपात दोन बादल्या पाणी ओता आणि दुसऱ्याला चेंबरशी कान लावायला सांगा. आणि जमीन पाण्याने फुगलेली असताना टाकी पूर्ण उपसू नका. रिकामी टाकी, विशेषतः प्लास्टिक किंवा फायबरची, खालच्या पाण्याने वर उचलली जाते आणि पाइप मोडतात.

जवळ विहीर किंवा बोअर असेल, तर गळकी टाकी किंवा वर आलेलं मैलापाणी दिसताच ते पाणी पिणं थांबवा आणि कोलिफॉर्म (मैला मिसळल्याची खूण देणारे जंतू) व नायट्रेट (मैल्यातून पाण्यात उतरणारा क्षार) यांची तपासणी करून घ्या. उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही.

तपासणी होईपर्यंत टाकीत ॲसिड, ब्लीचच्या बाटल्या, यीस्ट, 'गाळ खाणारी पावडर' काही ओतू नका. लागणारे जिवाणू मैल्याबरोबर रोज आपोआप येतात, आणि गाळ काढायला पावडरीचा उपयोग नाही.

एवढं करूनही गाडीच हवी असं ठरलं, तर फोनवर "टाकी भरली" म्हणू नका. सांगा: टाकी इतक्या लिटरची, कप्पे दोन, झाकणं उघडी करून ठेवलीत, रस्त्यापासून अंतर इतकं, म्हणजे ते तेवढा होज घेऊन येतील. उपसा चालू असताना समोर उभे राहा आणि टॉर्च आउटलेटवर धरा. पातळी खाली गेल्यावर त्या पाइपातून पाणी उलटं टाकीत वाहायला लागलं, तर शोषखड्डा तुडुंब आहे, आणि पुढचा खर्च टाकीवर नाही, तिकडे करायचा आहे. दोन्ही कप्पे तळापर्यंत गेल्याची खात्री करा. झाकणं बसवल्यावर कडा सिमेंटने बंद करा, हात साबणाने धुवा, कपडे वेगळे टाका, आणि वहीत तारीख, गाळ, साय, खोली हे चार आकडे लिहून काठी पुढच्या वर्षासाठी मागच्या दाराशी ठेवा, स्वयंपाकघरापासून लांब.