शेवटच्या घटका मोजणाऱ्या हार्ड डिस्कमधून डेटा काढायचं काम: नवीन शिकणाऱ्यांसाठी

डेटा रिकव्हरी शिकायचीय, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, असं विचारणारी मुलं खूप भेटतात. कोणी बीसीएस करतंय, कोणी हार्डवेअर नेटवर्किंगचा कोर्स करून कंप्युटरच्या दुकानात लागलंय. मी पुण्यात हेच काम करतो, त्यातही जास्त करून एक्स्टर्नल हार्ड डिस्कचं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. सॉफ्टवेअरचा प्रश्न फार नंतर येतो. आधी डोक्यात पक्कं बसवायचं की डिस्क पूर्ण बंद पडायच्या आत तिच्यातले जमतील तेवढे सेक्टर (डेटा साठवायचे छोटे छोटे कप्पे) दुसऱ्या चांगल्या डिस्कवर उतरवून घ्यायचे, त्यालाच इमेज काढणं म्हणतात, आणि एकदा इमेज हातात आली की फाईली शोधायला आठवडा लावा नाहीतर महिना, काही बिघडत नाही. इमेज निघायच्या आधी मात्र मिनिटामिनिटाला किंमत आहे.

असं का ते समजून घ्या. डिस्क फिरत असते तेव्हा हेड, म्हणजे डेटा वाचणारा-लिहिणारा बारीक भाग, तबकडीच्या (डेटा ज्यावर असतो त्या फिरत्या चकतीच्या) वर काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, म्हणजे साधा धुळीचा कण त्या फटीपुढे डोंगराएवढा. हेड कमजोर झालं किंवा तबकडीला ओरखडा पडला की एकेक सेक्टर वाचायला डिस्क पुन्हापुन्हा प्रयत्न करत बसते, आणि त्यात हेड अजून खराब होतं, ओरखडा असेल तर तो वाढतो. अशा डिस्कवर कोणी चेकडिस्क (विंडोजची डिस्क दुरुस्त करायची कमांड) चालवली की संपलंच, कारण ती फाईल सिस्टिम, म्हणजे फाईलींची नोंदवही, नीट दिसावी म्हणून तुटलेल्या नोंदी कापून टाकते, तुमचा डेटा वाचवायचा हा तिचा उद्देशच नाही. विंडोज 'डिस्क फॉरमॅट करायला लागेल' असा मेसेज दाखवतं त्याला कॅन्सल. आणि फोनवर चौकशी करणाऱ्याला पहिलं वाक्य हेच सांगायचं की आत्ताच्या आत्ता काढून ठेवा, परत लावून बघू नका, फ्रीजमध्ये ठेवायचा तो जुना उपाय तर अजिबात नको, थंड डिस्क बाहेर काढली की आत ओल धरते.

डिस्क हातात आली की लगेच जोडायची नाही, आधी विचारायचं. पडली होती का? आवाज कधीपासून येतोय? दुसऱ्या कोणी उघडली होती का? लोक पडल्याचं पटकन सांगत नाहीत, जरा प्रेमाने विचारावं लागतं, आणि ते कळणं फार गरजेचं आहे, कारण पडलेली डिस्क नुसती पॉवर देऊन बघणंसुद्धा धोक्याचं असतं.

मग कान. निरोगी अडीच इंची डिस्क हातात धरली तर हलकीशी फिरल्याची जाणीव होते आणि एखादा मऊ टिक येतो, बास. ठराविक अंतराने कट-कट-कट आणि मग मोटर थांबली, तर बहुतेक हेड गेलं. फिरतच नाही आणि बारीक बीप-बीप किंवा किरकिर येते, तर हेड तबकडीवर चिकटलेलं असू शकतं किंवा मोटर जाम. खरवडल्यासारखा आवाज आला तर त्या क्षणी केबल ओढायची. पण एक सांगतो, कट-कट ऐकून लगेच निकाल देऊ नका. अडीच इंची डिस्क यूएसबीच्याच पॉवरवर चालते, यूएसबी २ चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो आणि यूएसबी ३ चा ९००, आणि डिस्कला सुरू होताना थोडा वेळ याच्याहून जास्त लागू शकतं. घासलेली केबल, पुढच्या पॅनेलचा ढिला पोर्ट, स्वस्तातला हब, यांच्यामुळे चांगली डिस्कसुद्धा टकटक करते. म्हणून पडलेली नसेल तर चांगली आखूड केबल, डेस्कटॉपचा मागचा पोर्ट, आणि एकदाच बघायचं.

कंप्युटरने डिस्क ओळखली तर स्मार्ट रिपोर्ट बघा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सवर स्मार्टसीटीएल. त्यात तीन-चार ओळीच कामाच्या. ०५ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे अडकून पडलेले, सी६ पण त्याच घरातला, आणि सी७ वाढलेला असेल तर आधी डेटा केबलवर किंवा कनेक्टरवर संशय घ्या. सी५ चा रॉ आकडा शून्याच्या वर आणि वाढतोय, म्हणजे डिस्कमध्ये फोल्डर उघडून बघायची चैन संपली. ओव्हरऑल हेल्थ पास्ड लिहिलंय म्हणून निवांत राहू नका, पास्ड दाखवणाऱ्या डिस्क रोज टेबलावर येतात.

नवीन मुलांना कव्हर उघडून आतली डिस्क थेट साटाला (कंप्युटरच्या आत डिस्क जोडायच्या कनेक्टरला) जोडायची भारी हौस असते. काही मॉडेलमध्ये ते बरोबर आहे, आत साधी साटा डिस्क आणि वर यूएसबीचा छोटा बोर्ड असतो, तो बोर्डच गेला असेल तर काम सोपं. पण माय पासपोर्टसारख्या बऱ्याच डिस्कमध्ये यूएसबीचा कनेक्टर डिस्कच्याच बोर्डावर सोल्डर केलेला असतो, साटा नसतोच. शिवाय त्यातल्या अनेकांत पासवर्ड लावलेला नसला तरी डेटा हार्डवेअरमध्येच एन्क्रिप्ट होऊन लिहिला जातो, म्हणून तो मूळ बोर्ड जपून ठेवायचा, फेकायचा नाही. 'सेम बोर्ड घालून चालू करतो' असं म्हणणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका, बोर्डावर आठ पायांची एक छोटी रॉम चिप असते, तिच्यात त्या एकाच डिस्कच्या हेडची मापं भरलेली असतात, ती माहिती नव्या बोर्डावर नेल्याशिवाय बहुतेक डिस्क चालत नाहीत. काही मॉडेलमध्ये वेगळी चिप नसते, ती माहिती मेन चिपच्या आतच असते.

आता इमेज काढायचं खरं हत्यार. जीएनयू डीडीरेस्क्यू, अँटोनिओ दियाझ दियाझ यांनी लिहिलेलं, २००४ पासून आहे, फुकट आहे, उबंटूमध्ये पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू. साधी कॉपी कमांड खराब सेक्टर आला की तिथेच डोकं आपटत बसते, हे मात्र अडलं की तो भाग सोडून पुढे जातं, आधी सोपं सगळं उचलून घेतं, मग मागे येऊन कडा घासतं, आणि सगळ्यात शेवटी एकेक सेक्टर खरवडतं. काय झालं काय राहिलं हे सगळं मॅपफाईलमध्ये लिहिलं जातं. ती साधी टेक्स्ट फाईल आहे, उघडून वाचायची सवय लावा, अधिकचं चिन्ह म्हणजे वाचून झालं, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून हातच लावला नाही, वजा म्हणजे बॅड. मॅपफाईल असली की मध्येच लाईट गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे चालू. फक्त लिनक्स इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरून थेट (लाईव्ह) चालवत असाल तर ती त्याच्या होम फोल्डरमध्ये ठेवू नका, तो सगळा कारभार रॅममध्ये असतो, रीस्टार्ट झालं की गेली, ती इमेजच्या डिस्कवर इमेजशेजारीच ठेवा.

एक केस सांगतो म्हणजे कळेल. एका लग्नाच्या फोटोग्राफरची १ टीबीची डिस्क, ऐन सीझनमध्ये. ओळखली जायची, पण फोल्डरवर क्लिक केलं की पांढरी खिडकी आणि एक्सप्लोरर अडकलेला. तो म्हणाला, "दादा, बाकी गेलं तरी चालेल, हळदीचं आणि लग्नाचं फोल्डर तेवढं काढून द्या, पार्टीला तोंड दाखवायला जागा राहणार नाही." अशा वेळी तेच फोल्डर आधी कॉपी करून बघायचा मोह होतो आणि तिथेच डिस्क मरते. लिनक्स लावलं, ऑटोमाउंट (जोडलेली डिस्क आपोआप उघडणं) बंद केलं, लिस्टमध्ये सिरियल नंबर आणि साइझ जुळवून सोर्स कुठली आणि टार्गेट कुठली ते कागदावर लिहिलं (हे कागदावर लिहायचं सोडू नका, दोन्ही उलट झालं तर मोकळ्या डिस्कची इमेज गिऱ्हाइकाच्या डेटावर चढते) आणि पहिला फेरा मायनस एन देऊन सोडला, म्हणजे खरवडायचं काम नंतरसाठी ठेवायचं.

थोडा वेळ छान स्पीड, मग एकदम केबीमध्ये, मग परत छान. डीडीरेस्क्यूव्ह्यू नावाचा एक व्ह्यूअर आहे, त्यात मॅपफाईल रंगात दिसते, ती उघडली तर हिरव्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये ठराविक अंतराने न वाचलेल्या पट्ट्या, नऊवारीच्या काठासारखं एकसारखं डिझाइन. हे डिझाइन ओळखायला शिका! तबकडीवर ओरखडा असला की खराब जागा साधारण एका भागात गोळा झालेल्या दिसतात, पण असं नियमाने येणारं अंतर म्हणजे बहुतेक एकच हेड कमजोर आहे आणि बाकीची चांगली आहेत, कारण डिस्क थोडा डेटा एका हेडवर, मग पुढच्या, असा फिरवून लिहीत जाते. हे कळलं की प्लॅन बदलतो. कमजोर हेडला त्रास न देता आधी चांगल्या हेडचं सगळं उचलायचं, त्यासाठी किमान स्पीडचा ऑप्शन आहे, त्याखाली गेलं की पुढे उडी मारतं. मग उलट्या दिशेने एक फेरा, कारण पुढून अडलेली जागा कधीकधी मागून वाचली जाते. खरवडणं आणि रीट्राय सगळ्यात शेवटी, आणि मध्ये डिस्क गरम लागली तर थांबवून थंड होऊ द्यायची, छोटा फॅन समोर ठेवायचा.

यूएसबीवर एक कटकट असते, खराब जागेवर डिस्क हँग झाली की कनेक्शन तुटतं आणि परत आल्यावर लिनक्समध्ये तिच्या नावाला दुसरं अक्षर मिळतं, एसडीबी ची एसडीडी होते. परत कमांड द्यायच्या आधी परत सिरियल नंबर.

त्या डिस्कमधून बहुतेक सगळं आलं, काही फोटो अर्धे करडे आले. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण फार थोडे लोक ती करतात. डीडीरेस्क्यूला फिल मोड आहे. इमेजची एक कॉपी करायची आणि त्यातल्या न वाचलेल्या सेक्टरमध्ये एखादा ठरलेला शब्द भरायचा, मग काढलेल्या सगळ्या फाईलींमध्ये तो शब्द शोधायचा, ज्यात सापडला ती फाईल तुटलेली. अशी यादी हातात दिली की फोटोग्राफरला हजारो फोटो उघडून बघायला लागत नाहीत, लग्नातल्या फेऱ्यांच्या वेळचे अमुक फोटो गेलेत हे नंबरासकट कळतं, मग तो दुसऱ्या कॅमेऱ्याच्या कार्डात तेवढेच शोधू शकतो.

इमेजमधून फाईली काढायला डीएमडीई, आर-स्टुडिओ, यूएफएस एक्सप्लोरर ही चांगली सॉफ्टवेअर आहेत, फुकटात टेस्टडिस्क आणि फोटोरेक. फोटोरेक फाईलच्या सुरुवातीची खूण बघून उचलतं, त्यामुळे नावं आणि फोल्डर जातात. फोटोंना चालून जातं, पण सीएच्या ऑफिसचा टॅलीचा डेटा आला तर त्याचा उपयोग नाही, तिथे कंपनीचं फोल्डर जसंच्या तसं लागतं, म्हणून एनटीएफएसचं (विंडोजच्या फाईल सिस्टिमचं) एमएफटी, म्हणजे प्रत्येक फाईलची नोंद असलेला तक्ता, समजून घेणं भाग आहे.

शिकायचं कसं? सॉफ्टवेअर पाठ करू नका, हेक्स एडिटर (डिस्कवरचे कच्चे बाइट दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बसा. एक पेन ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, चार फोटो टाका, एक डिलीट करा आणि एमएफटीच्या नोंदीत काय बदललं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जेपीईजीची सुरुवात एफएफ डी८ एफएफ ने होते, बूट सेक्टरच्या (पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरच्या) शेवटी ५५ एए असतं, एनटीएफएसच्या बूट सेक्टरची कॉपी पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये असते. एवढ्या माहितीवर 'रॉ' दिसणारं, म्हणजे विंडोजला न ओळखता येणारं पार्टिशन कधीकधी हाताने उभं करता येतं. सोबत मल्टीमीटर. साडेतीन इंची एक्स्टर्नलला १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो, लोक चुकून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा लावतात, मग बोर्डावरचा टीव्हीएस डायोड स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्यांना वाचवतो, आणि तेवढाच गेला असेल तर काम लवकर होतं.

हेड बदलायचं काम मात्र घाईने डोक्यात घेऊ नका. त्याला क्लीन बेंच (धूळ गाळलेल्या हवेचं टेबल) लागतो, हेड उचलायची खास टूल लागतात, जिचे हेड काढून वापरायचे अशी जुळणारी डोनर डिस्क लागते, आणि नुसतं मॉडेल सारखं असून पुरत नाही. पीसी-३००० सारखी डेटा रिकव्हरीची मशीन महाग आहेत, ती मोठ्या लॅबमध्ये नोकरी करतच शिकलेली बरी. जुन्या बाजारात भंगारातल्या डिस्क मिळतात, त्या उघडून हात बसवा, गिऱ्हाइकाच्या डिस्कवर नाही. आवाज येणारी डिस्क आली तर मी सरळ लॅबकडे पाठवतो आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. न उघडलेली डिस्क लॅबला मिळाली तर पुष्कळदा निघते. नासाचं कोलंबिया अवकाशयान २००३ मध्ये कोसळलं, त्यातली एक जळलेली सीगेट डिस्क नंतर सापडली, आणि तिच्यातला यानात केलेल्या एका प्रयोगाचा जवळपास सगळा डेटा निघाला, त्यावरचा पेपर २००८ मध्ये छापून आला. बाहेरून कोळसा झाला होता पण तबकड्यांवरची डेटाची जागा शाबूत होती. उलट घरच्या टेबलावर, पंख्याखाली उघडलेली डिस्क लॅबला दिली की त्यांचेही हात बांधले जातात.

गिऱ्हाइकाशी बोलणं हा कामाचा अर्धा भाग आहे. तपासायच्या आधी आकडा सांगू नका, तपासल्यावर लेखी सांगा, आणि डिस्क तपासताना किंवा इमेज काढतानाही जाऊ शकते हे जोडायच्या आधीच सांगून सही घ्या. कोणता डेटा सगळ्यात महत्त्वाचा ते विचारून लिहून ठेवा, फोल्डरची नावंसुद्धा. समोरच्याच्या घरातले फोटो, बँकेचे कागद, सगळं तुमच्या हातात असतं, तेव्हा चेक करायला लागतील तेवढ्याच फाईली उघडायच्या, दुकानातल्या पोरांना दाखवायचं नाही, कोणाची कॉपी पेन ड्राइव्हवर जाणार नाही हे बघायचं. डेटा नव्या डिस्कवर द्यायचा, जुन्यावर कधीच नाही, समोर बसवून दहा-वीस फाईली त्यांनाच उघडायला लावायच्या, मोठे व्हिडिओ मधूनमधून पुढे ढकलून बघायचे कारण ते सुरुवातीला चालतात आणि पुढे अडकतात. आपल्याकडची इमेज ठरलेल्या मुदतीपर्यंत ठेवायची, ती मुदत पावतीवर लिहायची, आणि पुसायच्या आधी 'सगळं बघितलं, बरोबर आहे' असा त्यांचा मेसेज घ्यायचा.